कराच्या चौकशीत आपली बाजू कोण मांडणार?

‘माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही, मग सीए-वकील कशाला?’ ठाणे-नवी मुंबईत आयकराची किंवा जीएसटीची नोटीस आलेल्या माणसाच्या तोंडून हे वाक्य हमखास निघते. जितका माणूस सरळ, तितके ते ठामपणे निघते. माझे म्हणणे नेमके अशाच माणसासाठी आहे. कर चौकशीत जाणकार प्रतिनिधी सोबत असणे हा सुनावणीचाच भाग आहे, आणि ज्यांना तो परवडत नाही त्यांना तो मिळवून देणे हे मोफत कायदेशीर मदत पुरवणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणांचे काम आहे. त्यासाठी नवा कायदा करावा लागणार नाही. मी स्वतः करविषयक कामच करतो, त्यामुळे या मागणीत माझ्या व्यवसायाचेही हित आहे, हे आधीच सांगून ठेवतो. वाचकांनी युक्तिवाद त्या हिशेबाने तपासून घ्यावा.

आधी एक गोंधळ दूर केलेला बरा. ‘ऑडिट लागलं’ असे आपण दोन वेगळ्या गोष्टींना म्हणतो. धंद्याची उलाढाल 1 कोटीच्या वर गेली, किंवा रोखीचे व्यवहार 5 टक्क्यांच्या आत असतील तर 10 कोटींच्या वर गेली, की 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 44एबीखाली सनदी लेखापालाकडून हिशेब तपासून घ्यावे लागतात. ते ऑडिट आपण नेमलेला माणूस करतो. दुसरे ऑडिट खाते करते. आयकरात कलम 143(2) ची नोटीस येते, तिलाच लोक स्क्रुटिनी म्हणतात. जीएसटीत कलम 61 ची छाननी असते किंवा कलम 65 खाली अधिकारी थेट धंद्याच्या जागी हिशेब तपासायला येतात. हा लेख या दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे. इथे प्रश्न विचारणारा आणि निर्णय देणारा एकाच खात्याचा असतो.

पूर्वी ठाण्याचा करदाता फाइल काखेत मारून वागळे इस्टेटच्या आशर आयटी पार्कमध्ये जायचा, नवी मुंबईचा वाशी रेल्वे स्थानकाच्या संकुलात. अधिकारी समोर बसलेला असायचा. एखादी नोंद कळली नाही तर तो विचारायचा, हा सांगायचा. त्या पद्धतीत अडवणूक होती, खेपा होत्या, आणि ‘साहेबांशी बोलून घेतो’ म्हणणारे मध्यस्थही होते. ऑगस्ट 2020 पासून सरकारने फेसलेस, म्हणजे समोरासमोर न भेटता चौकशी करण्याच्या पद्धतीचा विस्तार केला, तेव्हा या सगळ्याला चाप बसला. ते चांगलेच झाले. पण त्याबरोबर तोंडी समजावून सांगण्याची वाटही अरुंद झाली. आता सगळे लेखी. प्रश्न पोर्टलवर येतो, उत्तर पोर्टलवर जाते, आणि ते उत्तर कुठल्या शहरातला अधिकारी वाचणार हे आपल्याला ठाऊक नसते. त्या अधिकाऱ्याने कधी भाजीपाल्याचा घाऊक बाजार पाहिलेलाही नसेल.

शिवाय या पद्धतीत खात्याच्या बाजूला काय काय आहे ते पाहा. निर्धारण करणारे एक युनिट, पडताळणी करणारे दुसरे, कायदा, हिशेब, मूल्यांकन अशा विषयांवर सल्ला देणारे तांत्रिक युनिट तिसरे आणि मसुदा आदेश पुन्हा तपासणारे चौथे. म्हणजे हा विषय एका माणसाच्या आवाक्यातला नाही, हे खात्याने स्वतःच्या रचनेतच मान्य केले आहे. समोरच्या बाजूला मात्र दिवसभर गाळ्यावर उभा राहणारा आणि रात्री मोबाइलवर पोर्टल उघडून बसणारा एकटा माणूस आहे. आपण प्रामाणिक आहोत हे त्याला पक्के माहीत असते. पण ते कागदावर कसे उतरवायचे, याचे शिक्षण त्याला कुणी दिलेले नसते.

वाशीच्या बाजार समितीतल्या आडत्याचे उदाहरण घ्या, कारण मला हे दुखणे तिथे सर्वांत स्पष्ट दिसते. शेतकऱ्याचा माल येतो, आडत्या तो विकून देतो, खरेदीदाराकडून आलेले पैसे त्याच्या खात्यात जमा होतात आणि पट्टीप्रमाणे, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठीप्रमाणे, शेतकऱ्याला जातात. त्याच्या हातात उरते ती आडत, म्हणजे त्याची दलाली. बँक खात्यात वर्षभरात तीन-चार कोटी आले, विवरणपत्रात उत्पन्न काही लाखांचे. संगणकाला ही तफावत दिसते आणि नोटीस निघते. प्रश्न साधा असतो: खात्यातल्या जमा रकमांचा खुलासा करा. आडत्या दोन ओळी लिहितो, ‘हे पैसे शेतकऱ्यांचे आहेत, माझे नाहीत,’ आणि बँकेचे स्टेटमेंट जोडून मोकळा होतो.

त्याचे उत्तर शंभर टक्के खरे असते आणि तरीही ते पुरत नाही. खरे उत्तर पुरावा मागते. कुठली पट्टी कुठल्या जमा रकमेची, शेतकऱ्याला पैसे कोणत्या तारखेला गेले, आडत किती घेतली, बाजार समितीच्या नोंदींशी ते कसे जुळते, हा तक्ता कुणीतरी बसून करावा लागतो. पुढे अधिकारी विचारतो की उलाढाल कोटीच्या वर असताना 44एबीचे ऑडिट का केले नाही. न केलेल्या ऑडिटचा दंड उलाढालीच्या अर्ध्या टक्क्यापर्यंत, कमाल दीड लाख. इथे जाणकार माणूस केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचे 1986 सालचे 452 क्रमांकाचे परिपत्रक समोर ठेवतो. कच्चा आडत्या दुसऱ्याच्या वतीने माल विकत असेल तर ऑडिटची मर्यादा मोजताना विक्रीची सगळी रक्कम न धरता फक्त त्याची आडत धरायची, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. चार दशकांपूर्वीचे हे परिपत्रक आडत्याला माहीत असण्याचे काहीच कारण नाही. पण ते न मांडल्याची किंमत मोजतो तोच. खुलासा मान्य झाला नाही तर त्या जमा रकमा कलम 69ए खाली अस्पष्टीकृत पैसा ठरू शकतात, आणि अशा पैशावरचा दर नोटाबंदीनंतर 60 टक्के केला गेला होता. त्यावर अधिभार आणि उपकर वेगळे. चार लाख कमावणाऱ्यावर कोटीच्या घरातली मागणी निघते ती अशीच.

लोक म्हणतात, होऊ दे, पुढे अपील आहेच. या भरवशावर पहिली पायरी सोडणे ही मला सर्वांत महागडी चूक वाटते. आयुक्तांकडे अपिलाची फी फार तर 1000 रुपये आहे, हे खरे. पण वसुलीला स्थगिती हवी तर खाते साधारणपणे मागणीचा काही भाग आधी भरायला सांगते. पहिल्या पायरीवर न दिलेला पुरावा अपिलात नव्याने द्यायचा तर नियम 46ए च्या अटी आड येतात; तेव्हा का दिला नाही, याचे सबळ कारण दाखवावे लागते. वस्तुस्थितीचा अंतिम निवाडा न्यायाधिकरणात होतो आणि उच्च न्यायालय फक्त कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नापुरते लक्ष घालते. थोडक्यात, तुमच्या धंद्याची जी हकीकत पहिल्या उत्तरात लिहिली गेली, तीच शेवटपर्यंत तुमच्यासोबत चालते. म्हणून मोठा वकील उच्च न्यायालयात उभा करण्यापेक्षा साधा पण नेटका जाणकार पहिल्या नोटिशीला हवा.

वागळे इस्टेटमधल्या छोट्या कारखान्यांना जीएसटीत हेच भोगावे लागले. 2017-18 आणि 2018-19 या पहिल्या दोन वर्षांत पुरवठादाराच्या विवरणात आपले बिल दिसत नाही, म्हणून इनपुट क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या कराची वजावट) नाकारणाऱ्या नोटिसा निघाल्या. डिसेंबर 2022 मध्ये 183 क्रमांकाचे परिपत्रक आले. फरक एका पुरवठादारामागे 5 लाखांपर्यंत असेल तर पुरवठादाराचे प्रमाणपत्र, त्यावर असेल तर सनदी लेखापालाचे किंवा परिव्यय लेखापालाचे प्रमाणपत्र देऊन हा प्रश्न सोडवता येत होता. ज्याच्या बाजूने हे सांगणारा कुणी होता त्याने प्रमाणपत्रे गोळा केली. ज्याच्या बाजूने कुणी नव्हते त्याच्यावर कर, व्याज आणि दंडासह आदेश निघाला. दोघांनी माल घेतला होता, दोघांनी पुरवठादाराला कर दिला होता.

आता एका अवघड विषयाकडे येतो. बहुतेक लोकांना वाटते की आपल्याला प्रतिनिधी आहेच: दरवर्षी पाचशे-हजार रुपयांत रिटर्न भरून देणारा. तो मेहनती असतो, आपल्या सोसायटीतला असतो, रात्री अकराला फोन उचलतो. पण रिटर्न भरणे आणि चौकशीत बाजू मांडणे ही दोन वेगळी कामे आहेत. अनेकांच्या पोर्टलवर ईमेल आणि मोबाइलही त्याचेच असतात, त्यामुळे नोटीस आधी त्याच्याकडे जाते आणि करदात्याला कळेपर्यंत मुदत सरत आलेली असते. त्याहून गंभीर बाब म्हणजे चूक त्याचीच असेल तर काय? परतावा वाढवून देतो म्हणून कुणाला न विचारता राजकीय पक्षाची देणगी, नसलेले घरभाडे, नसलेला वैद्यकीय खर्च दाखवणारे लोक या धंद्यात आहेत. जुलै 2025 मध्ये आयकर खात्याने अशा खोट्या वजावटींविरुद्ध देशभर मोहीम काढली तेव्हा हे उघडपणे समोर आले. ज्याने ती वजावट टाकली, त्यालाच नोटिशीचे उत्तर लिहायला सांगितले, तर तो आधी स्वतःला वाचवेल. कोपरखैरण्यातला पगारदार कामगार त्याच्या शब्दावर विसंबून सही करतो आणि चुकीचे उत्पन्न दाखवल्याचा, म्हणजे कराच्या 200 टक्के इतका दंड त्याच्या डोक्यावर येतो.

अशा वेळी स्वतंत्र सल्लागार सर्वांत आधी सांगेल की वजावट चुकीची आहे, लढू नका, कर आणि व्याज भरा. हे सांगणे म्हणजेही प्रतिनिधित्वच. कलम 270एए खाली, उत्पन्न कमी दाखवले पण फसवणुकीचा प्रकार नाही, अशा प्रकरणात कर आणि व्याज भरून, अपील न करता, आदेश मिळालेला महिना संपल्यापासून एका महिन्यात अर्ज केला तर दंडातून सुटका मिळते. ही सवलत सरकारने दिलेली आहे. तिचा लाभ घेण्याची मुदत मात्र आपल्याला कुणी घरी येऊन सांगत नाही.

तिसरे उदाहरण नवी मुंबईच्या मातीतले आहे आणि ते मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते. 1984 च्या जासईच्या लढ्यानंतर, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनातून, नवी मुंबईसाठी जमिनी घेतल्या गेलेल्या भूमिपुत्रांना त्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित जमीन मिळण्याची वाट तयार झाली. पुढे उलवे, करंजाडे, द्रोणागिरी या भागांत असे भूखंड मिळाले आणि पुष्कळ कुटुंबांनी सिडको (नवी मुंबई वसवणारे सरकारी महामंडळ) व बिल्डर यांच्यासह त्रिपक्षीय करार करून ते विकले. जमीन आजोबांच्या नावावर होती. वारसदार पाच-सहा, करारावर नाव आईचे किंवा मोठ्या बहिणीचे. पैसे घरात वाटले गेले. ठरलेल्या रकमेच्या वरचा नोंदणीकृत व्यवहार दुय्यम निबंधकाकडून आयकर खात्याला कळवला जातो. जिचे नाव करारावर आहे तिने आयुष्यात विवरणपत्र भरलेले नसते. मग तिच्या एकटीच्या नावे संपूर्ण रकमेची विचारणा निघते, उत्तराला मोजके दिवस.

या प्रकरणात खरे प्रश्न किती आहेत पाहा. प्रत्येक वारसाचा हिस्सा किती? हस्तांतरण कोणत्या वर्षी झाले, करार झाला तेव्हा की ताबा दिला तेव्हा? सरकारने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या भूखंडाचा मूळ खर्च काय धरायचा? त्या पैशातून घर घेतले असेल तर कलम 54एफची सवलत बसते का? चांगल्या सनदी लेखापालालाही यावर दोन दिवस बसावे लागेल. आणि आपण अपेक्षा करतो की उरणच्या खाडीकाठी राहणारी सत्तर वर्षांची बाई ओटीपी घालून पोर्टलवर याचे उत्तर देईल. ती देत नाही. मग कलम 144 खाली अधिकारी उपलब्ध माहितीवरून एकतर्फी निर्णय करतो. कायद्याने तो चूक करत नाही. त्याच्यासमोर दुसरी बाजू आलेलीच नसते. ज्या जमिनीसाठी 1984 च्या त्या लढ्यात पाच माणसे हुतात्मा झाली, तिच्या मोबदल्याचा हिशेब असा एकतर्फी व्हावा, हे मला मान्य नाही.

कायद्याने प्रतिनिधीची मुभा दिली आहे. 1961 च्या आयकर कायद्याचे कलम 288 नातेवाईक, नियमित नोकर, वकील, सनदी लेखापाल यांना हजर राहू देते. (चालू खाते असलेल्या बँकेचा अधिकारीही त्या यादीत आहे, पण त्याला कुणी बोलावल्याचे मी पाहिलेले नाही.) 1 एप्रिल 2026 पासूनच्या नव्या आयकर कायद्यातही ही मुभा आहे, आणि आधीच्या वर्षांच्या चौकश्या जुन्याच कायद्याने चालणार आहेत. जीएसटीत कलम 116 तेच करते. शपथेवर जबाब द्यायला बोलावले तर मात्र स्वतःच जावे लागते, तिथे प्रतिनिधीचे काम तुमची तयारी करून घेण्याचे. 2020 च्या करदाता सनदेतही पसंतीचा प्रतिनिधी निवडू देण्याचे वचन खात्याने दिले आहे. मुभा आहे, वचन आहे. पैसे नसतील तर काय, याचे उत्तर या तिन्ही ठिकाणी नाही. तक्रार ऐकणारे आयकर लोकपाल हे पदसुद्धा 2019 मध्ये बंद झाले.

ते उत्तर दुसऱ्या एका कायद्यात आहे आणि तिकडे आपले लक्ष गेलेले नाही. संविधानाच्या अनुच्छेद 39ए ला धरून 1987 साली विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला. त्यातल्या ‘न्यायालय’ या शब्दात महसुली न्यायालये येतात, न्यायाधिकरणे येतात, आणि न्यायिक किंवा न्यायिकवत (न्यायालयासारखे) काम करणारे कोणतेही वैधानिक प्राधिकरणही येते. कराचे निर्धारण करणारा अधिकारी न्यायिकवत काम करतो, हे कर कायद्यात रुजलेले तत्त्व आहे. मोफत सेवा कुणाला, हे कलम 12 सांगते: अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले, आणि प्रत्येक स्त्री. स्त्रीला उत्पन्नाची अट नाही. म्हणजे उरणची ती आजी, कळव्यात पोळी-भाजी केंद्र चालवणारी ताई, वागळे इस्टेटच्या कारखान्यातला परतावा-घोटाळ्यात अडकलेला कामगार, हे सगळे आजच या कायद्याचे हक्कदार ठरतात, असे माझे स्पष्ट मत आहे. पण आपल्याकडे विधी सेवा म्हटले की फौजदारी खटला, पोटगी, मोटार अपघात इथपर्यंतच विचार जातो.

अमेरिकेत कमी उत्पन्नाच्या करदात्यांसाठीच्या कर-चिकित्सालयांना, म्हणजे करविषयक मदत केंद्रांना, 1998 च्या कायद्याने सरकारी अनुदानाची वाट खुली झाली. विधी महाविद्यालये आणि सेवाभावी संस्था ती चालवतात, काही पैसा तिथले कर खातेच देते, आणि तरी ती खात्यापासून स्वतंत्र राहून करदात्याच्या बाजूने उभी राहतात. सरकारने स्वतःच्याच विरुद्ध माणूस का पुरवावा, असे विचारणाऱ्यांसाठी हे उदाहरण दिले. फौजदारी खटल्यात आपणही तेच करतो आणि त्याला कुणी उधळपट्टी म्हणत नाही.

यावर दोन आक्षेप ऐकू येतात. पहिला, करचुकव्यांना फुकट वकील मिळेल. पण कलम 12 मधले बहुसंख्य लोक लहान रकमांचे करदाते आहेत, आणि प्राधिकरण प्रथमदर्शनी बाजू पाहूनच मदत देते. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: पॅनेलवरच्या वकिलांना करकायदा येत नाही. बरोबर. म्हणूनच ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने करवकिलांचे वेगळे पॅनेल करावे आणि सनदी लेखापालांच्या संस्थेच्या ठाणे व नवी मुंबई शाखांकडून हिशेबाच्या कामासाठी सदस्य मागून घ्यावेत. वकिलाने मुद्दा मांडायचा, लेखापालाने तक्ता करायचा. उलवे, करंजाडे, उरण हा भाग रायगड जिल्ह्यात येतो, तिथे अलिबागचे जिल्हा प्राधिकरण आणि तालुका समित्यांनी हेच करावे. माझ्या व्यवसायबंधूंना एवढेच सांगेन की वर्षात अशी काही प्रकरणे घेण्याने आपले ऑफिस बंद पडणार नाही.

खात्याकडूनही दोन गोष्टी हव्यात आणि त्या फारशा खर्चाच्या नाहीत. प्रत्येक नोटिशीच्या पहिल्या पानावर मराठीत लिहिलेले असावे की तुम्हाला प्रतिनिधी नेमता येतो, व्हिडिओवर सुनावणी मागता येते, आणि परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. ही सुनावणी मागितल्याशिवाय मिळत नाही आणि ती मागायची असते हेच बहुतेकांना ठाऊक नसते. दुसरे, विधी सेवेकडे अर्ज केल्याची पोच जोडली तर उत्तराची मुदत आपोआप वाढावी.

पॅनेल होईपर्यंत वाट पाहायची गरज नाही. नोटीस आलेल्या आणि कलम 12 मध्ये बसणाऱ्या कुणालाही आजच अर्ज करता येतो: नोटिशीची प्रत, तिच्यावरचा डीआयएन (दस्तऐवज ओळख) क्रमांक, उत्तराची शेवटची तारीख, आणि ‘या न्यायिकवत कार्यवाहीत माझी बाजू मांडण्यासाठी कर जाणणारा वकील द्यावा’ अशी एक ओळ. त्याच दिवशी पोर्टलवर मुदतवाढही मागावी. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागावे, आणि त्या नकाराविरुद्ध प्राधिकरणाच्या अध्यक्षांकडे, म्हणजे जिल्हा न्यायाधीशांकडे, दाद मागावी.